स्वच्छ वीज स्वस्त झाली, मग मतपेटीत ती महाग का पडते?

ओहम

निवडणुकीत हवामान धोरणाचा विषय निघाला की चर्चा दोन वाक्यांत आटोपते. "लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही" आणि "हे सगळे श्रीमंतांचे चोचले". आकडेमोड दोन्हीकडे शून्य. सौर पॅनेलची किंमत २०१० नंतरच्या दशकभरात सुमारे ९० टक्के उतरली. तरी या विजेच्या बाजूने बोलणारा उमेदवार नेमका बिलाच्या मुद्द्यावर मार खातो. याचं उत्तर मला खर्चाच्या रचनेत दिसतं, म्हणून आधी ती रचना.

आकडे मुद्दाम गोल घेतलेत. १ किलोवॉटचा सौर प्रकल्प, भांडवल १,००० डॉलर, आयुष्य २५ वर्षं, देखभाल वर्षाला १५ डॉलर. क्षमतेच्या २० टक्के उत्पादन धरलं तर वर्षाला १,७५२ युनिट. ४ टक्के व्याजाने भांडवलाचा वार्षिक हप्ता ६४ डॉलर बसतो, १० टक्क्यांनी ११०. म्हणजे युनिटचा खर्च ४ टक्क्यांवर ४.५ सेंट आणि १० टक्क्यांवर ७.१४ सेंट. ऊन तेच, पॅनेल तेच.

आता गॅसचं केंद्र. भांडवल, आयुष्य, देखभाल सगळं तेच ठेवा, पण ते निम्मा वेळ चालतं असं धरा, म्हणजे वर्षाला ४,३८० युनिट. इंधन युनिटमागे ४.२ सेंट. एकूण खर्च ४ टक्क्यांवर ६ सेंट, १० टक्क्यांवर ७.०६. स्वस्त कर्जात सौर दीड सेंटने पुढे, महाग कर्जात नखभर मागे. व्याज बदललं आणि क्रमच फिरला.

शेजारी कार्बन कर ठेवून बघा. गॅसच्या केंद्रातून दर मेगावॉट-तासाला (म्हणजे १,००० युनिटला) साधारण ३७० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. टनाला ३० डॉलर कर लावला तर युनिटमागे १.१ सेंट वाढतात. वरच्या उदाहरणात व्याजातल्या सहा टक्क्यांनी दोघांतलं अंतर त्याहून जास्त, सुमारे १.६ सेंटने हललं. आणि व्याज कशावर ठरतं? प्रकल्पाच्या विजेला पुढची १५-२० वर्षं भाव मिळेल का, या भरवशावर. तो भरवसा दर चार-पाच वर्षांनी मतदानाला टाकला जातो. माझा मुद्दा एवढाच: स्वच्छ विजेचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे पुढच्या सरकारबद्दलची शंका.

आडवातिडवा

आकडेमोड आवडली, पण मतदार २५ वर्षांचा हप्ता काढत बसत नाही, महिन्याचं बिल बघतो. ज्या देशांत वारा आणि ऊन यांचा वाटा वाढला त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी घरगुती दर चढेच आहेत. "सगळ्यात स्वस्त वीज" असं व्यासपीठावरून सांगायचं आणि बिल वाढलेलं दाखवायचं, मग समोरचा हसणारच. याचं उत्तर व्याजदरात नाही.

मीटररीडर

उत्तर तीन तुकड्यांत आहे आणि तिन्ही वेगवेगळ्या टेबलांवर ठरतात, म्हणून गोंधळ.

पहिला तुकडा घाऊक बाजार, जिथे वीज केंद्रं बोली लावून वीज विकतात. मागणी १,००० मेगावॉट समजा. वारा-ऊन ५०० मेगावॉट देतात, त्यांची बोली जवळपास शून्य. अणुवीज २०० मेगावॉट, १ सेंटने. उरलेले ३०० गॅसकडून, ८ सेंटने. भाव सगळ्यांनाच ८ सेंट मिळतो, कारण शेवटची बोली भाव ठरवते. म्हणजे ७० टक्के वीज स्वस्त असूनही बाजार गॅसच्याच भावाने चालतो. गॅस बोलीतून पूर्ण बाहेर पडेल असे तास जेव्हा भरपूर होतील तेव्हाच सरासरी उतरेल. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर युरोपात गॅस भडकला तेव्हा पवनचक्कीची वीजही त्याच भावाने विकली गेली. लोकांच्या डोक्यात राहिलं ते "हरित धोरणाचं वर्ष आणि भडकलेलं बिल".

दुसरा तुकडा म्हणजे अनुदान बिलात टाकायचं की अर्थसंकल्पात. जर्मनीने नवीकरणीय विजेचा अधिभार थेट बिलात ठेवला होता. २०१४ मध्ये तो युनिटला ६.२४ युरो सेंट होता. जुलै २०२२ पासून शून्य केला आणि भार सरकारी निधीवर गेला. खर्च नाहीसा झाला का? नाही. पण बिलावर तो युनिटप्रमाणे सगळ्यांना सारखा पडतो, करातून उत्पन्नाप्रमाणे. आणि बिलातली ओळ प्रचारपत्रकावर छापता येते.

तिसरा तुकडा वहन आणि जोडणी: वाहिन्या, उपकेंद्रं, राखीव क्षमता. ओहम यांनी काढलेला खर्च प्रकल्पाच्या फाटकापाशी संपतो. फाटकापासून पुढचा खर्च जागेवर आणि वेळेवर अवलंबून. पहिली काही टक्के सौर वीज कमी खर्चात सामावते. पुढे दुपारी भाव आपटतो, संध्याकाळी चढतो, आणि सौर प्रकल्पाला सरासरी बाजारभावापेक्षा कमी मिळायला लागतं. जितके जास्त पॅनेल, तितकं हे अंतर वाढतं. "प्रति युनिट सर्वांत स्वस्त" हे वाक्य खरं असूनही अपुरं पडतं ते इथे.

तळटीप

मीटररीडर, भर घालतो. शेवटच्या बोलीचा नियम बदला अशी मागणी निवडणुकीत हमखास येते. "ज्याची जी बोली तोच भाव" केलं तर पवनवाला शून्याची बोली लावायचं सोडून ७.९ चा अंदाज बांधून बोली लावेल. भाव फारसा उतरणार नाही, अंदाज चुकलेले स्वस्त प्रकल्प मात्र बाहेर राहतील. त्यापेक्षा दीर्घ करारांनी स्वस्त वीज या भावापासून वेगळी काढणं बरं.

उधारउसनवार

त्या करारांबद्दलच लिहायला आलो होतो. कॉन्ट्रॅक्ट फॉर डिफरन्स, म्हणजे फरकाचा करार. लिलावात ठरलेला भाव ६० असेल आणि बाजार ४० वर असेल तर प्रकल्पाला वरचे २० मिळतात. बाजार १५० वर गेला तर प्रकल्प ९० परत करतो. ग्राहकाला चढ-उतारापासून संरक्षण, बँकेला ठरावीक आवक, म्हणून व्याज उतरतं. ओहम यांचा ४ टक्के आणि १० टक्के यांच्यामधला बराचसा प्रवास अशाच एका कागदावर होतो.

पण कागद नीट लिहावा लागतो. ब्रिटनमध्ये अशा करारांच्या लिलावाच्या २०२३ च्या पाचव्या फेरीत समुद्री पवनऊर्जेसाठी कमाल भाव मेगावॉट-तासाला ४४ पौंड ठेवला होता, तोही २०१२ च्या किमतींनुसार. तोवर पोलाद, केबल, जहाजं आणि व्याज सगळंच वर गेलेलं. सप्टेंबरमध्ये निकाल लागला तर समुद्री पवनऊर्जेची एकही बोली नाही. पुढच्या फेरीत कमाल भाव ७३ केला, आणि २०२४ मध्ये नवे प्रकल्प ५९ च्या आसपास मिळाले. मर्यादा वर नेली म्हणून भाव मर्यादेला चिकटला नाही, स्पर्धेने खाली आणला. मर्यादा फार खाली ठेवून वाचलेला पैसा म्हणजे एक वर्ष वाया आणि तेवढा काळ जास्तीचा गॅस.

दुसरी फट: करार कधी सुरू करायचा याची मुभा प्रकल्पाला होती. २०२२ च्या चढ्या बाजारात काहींनी सुरुवात पुढे ढकलली आणि उघड्या बाजारात विक्री केली. बेकायदा काहीच नव्हतं. पण "महाग काळात पैसे परत येतील" असं मतदाराला सांगितलं असेल तर नेमक्या त्याच काळात ते आले नाहीत.

आणि मागे जाऊन भाव बदलण्याचं उदाहरण म्हणजे स्पेन. आधी उदार हमी दर दिले, मग २०१० पासून चालू प्रकल्पांच्या मोबदल्यावर मर्यादा घातल्या, २०१३ मध्ये जुनी पद्धतच मोडीत काढली. गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. नव्या प्रकल्पाला कमी भाव देणं हे धोरण झालं. उभ्या प्रकल्पाचा भाव कापला की त्या देशातल्या पुढच्या प्रत्येक प्रकल्पाचं व्याज वाढतं.

शून्यप्रहर

वीजबाजार पुरे, जरा मतपेटीकडे येऊ. कार्बनवर किंमत लावून निवडणूक लढलेल्या देशांत कराच्या दरापेक्षा तो कसा मांडला यावर जास्त घडलं-बिघडलं, असं माझं मत.

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०१२ पासून कार्बनवर टनाला २३ ऑस्ट्रेलियन डॉलर. सोबत आयकराची मुक्त मर्यादा ६,००० वरून १८,२०० डॉलरवर नेली, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना भरपाई होती. पण २०१० च्या प्रचारात पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी कार्बन कर आणणार नाही असं म्हटलं होतं. विरोधकांनी पुढे सगळी लढाई त्या एका वाक्यावर लढली. सप्टेंबर २०१३ मध्ये विरोधी नेते टोनी अ‍ॅबट जिंकले, जुलै २०१४ मध्ये कायदा रद्द.

फ्रान्समध्ये १७ नोव्हेंबर २०१८ ला पिवळी जाकिटं घातलेले आंदोलक इंधन करवाढीविरुद्ध रस्त्यावर आले. इंधनातला कार्बनचा भाग टनाला ४४.६० युरोवर होता, पुढची वाढ ठरलेली होती. त्याच वर्षी संपत्ती कर काढून त्या जागी फक्त स्थावर मालमत्तेवरचा कर आणला होता. दोन निर्णय वेगवेगळ्या फायलींतले, पण लोकांनी एकत्र वाचले: श्रीमंतांचा कर गेला आणि डिझेल वाढलं. डिसेंबरमध्ये वाढ गोठवावी लागली.

स्वित्झर्लंडने तर जवळपास प्रयोगच करून दाखवला. जून २०२१ मध्ये कार्बन डायऑक्साइड कायदा सार्वमतात ५१.६ टक्क्यांनी पडला. त्यात विमान तिकिटावर ३० ते १२० फ्रँक शुल्क होतं आणि पेट्रोल महागणार होतं. जून २०२३ मध्ये हवामान कायदा ५९.१ टक्क्यांनी मंजूर. त्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट, जुनी तापनयंत्रं बदलायला दहा वर्षांत २ अब्ज फ्रँक, उद्योगांना नव्या तंत्रासाठी १.२ अब्ज. नवा कर नाही. दोन वर्षांत उत्सर्जनाचं शास्त्र बदललं नव्हतं.

आडवातिडवा

म्हणजे निष्कर्ष "कर लावू नका, पैसे वाटा" असा? अर्थशास्त्रज्ञ बिचारे तीस वर्षं उलटं सांगतायत. आणि कॅनडाचं काय? तिथे तर पैसे परत देत होते.

शून्यप्रहर

कॅनडाचंच सांगणार होतो, ते प्रकरण तपशिलात बघण्यासारखं आहे.

इंधनावरचा केंद्रीय कार्बन आकार २०१९ मध्ये टनाला २० कॅनेडियन डॉलर, मग दरवर्षी चढत एप्रिल २०२४ ला ८०. वसुलीचा सुमारे ९० टक्के भाग कुटुंबांना परत. कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेली रक्कम मिळायची आणि इंधन जास्त जाळणारा जास्त भरायचा, त्यामुळे थेट खर्च धरला तर बहुतेक कुटुंबांना भरल्यापेक्षा जास्त मिळत होतं. तरी "कर छाटा" ही तेव्हाचे विरोधी पक्षनेते पियेर पॉलिव्हर यांची घोषणा चालली. शेवटी मार्क कार्नी यांनी पंतप्रधान झाल्याच्याच दिवशी, १४ मार्च २०२५ ला, ग्राहकांवरचा आकार शून्य करण्याचा निर्णय घेतला, १ एप्रिलपासून तो लागू झाला आणि २८ एप्रिलची निवडणूक त्यांच्या पक्षाने जिंकली. मोठ्या उद्योगांवरची कार्बन किंमत मात्र ठेवली.

बिघडलं कुठे? वसुली पंपावर दर आठवड्याला दिसत होती. परतावा आधी आयकर विवरणात एका ओळीत मिसळलेला होता, जुलै २०२२ पासून तो तिमाही खात्यात जमा व्हायला लागला. खात्यावर नाव काय दिसेल ते बँकेगणिक वेगळं, बऱ्याच लोकांना ती रक्कम कशाची तेच कळेना. २०२४ मध्ये योजनेचं नाव बदललं आणि बँकांनी ते नाव स्पष्ट दाखवावं अशी कायद्यात तरतूद करावी लागली. कर सुरू होऊन पाच वर्षं झाल्यावर!

दुसरी चूक माझ्या मते जास्त महाग पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये घरं तापवायच्या तेलाला तीन वर्षांची सूट दिली. हे तेल मुख्यतः अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत वापरलं जातं. नैसर्गिक वायूवर घर तापवणाऱ्या प्रांतांनी लगेच विचारलं, आम्हाला का नाही? एकदा सूट दिली की कर हा नियम राहत नाही, वाटाघाटीचा विषय होतो.

आणि गंमत बघा, स्वित्झर्लंडमध्येही तापवण्याच्या इंधनावर टनाला १२० फ्रँक आकार आहेच. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत मिळतो, नागरिकांना तो आरोग्यविम्याच्या हप्त्यातून वजा होऊन मिळतो. बहुतेकांना पत्ताही नाही. तो टिकून आहे, कारण पेट्रोल पंपावर तो नाही.

तळटीप

पंपावरचा आकडा कोणालाही घरी काढता येतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलला २.७. टनाला ८० म्हटलं की पेट्रोलच्या लिटरला सुमारे १८ सेंट; कॅनडातली प्रत्यक्ष आकारणी १७.६१ कॅनेडियन सेंट होती. कोणी उमेदवार "कार्बन करामुळे पेट्रोल दुप्पट" म्हणाला तर टनाचा दर विचारा आणि गुणाकार करा. वाहनावर या कराचा परिणाम मंद असतो तोही त्यामुळेच: कच्च्या तेलाच्या नेहमीच्या चढ-उतारात १८ सेंट बुडून जातात. कोळशाच्या विजेवर मात्र तोच कर जबर बसतो. मेगावॉट-तासाला सुमारे १ टन, म्हणजे युनिटला थेट ८ सेंट. त्यामुळे वीज केंद्रांवर कर आणि वाहनांवर दुसरी साधनं, ही विभागणी अर्थशास्त्राच्या पुस्तकात कमअस्सल असली तरी निवडणुकीच्या हिशेबाने बरी.

आडवातिडवा

बरं. मग अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचं कसं बसवाल? २०१६ मध्ये कार्बन कर मतदानात पडला, २०१८ मध्ये कार्बन शुल्क पडलं. पण २०२१ मध्ये विधिमंडळाने कार्बन उत्सर्जनाच्या परवान्यांच्या लिलावाचा कायदा केला, तो २०२३ पासून लागू झाला आणि २०२४ मध्ये तो रद्द करायचा प्रस्ताव लोकांनीच सुमारे ६२ टक्क्यांनी फेटाळला. पेट्रोल तर महागलंच होतं.

शून्यप्रहर

छान उदाहरण, आणि माझ्या "पंपावर दिसलं की हरलं" या सूत्राला छेद देणारं. फरक असा की २०१६ आणि २०१८ मध्ये लोकांपुढे नवा खर्च आणि पुढचं वचन होतं. २०२४ पर्यंत लिलावाचे पैसे बस-फेरीसेवा, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचा मोफत प्रवास, शाळांच्या हवेशीर इमारती अशा यादीत गेले होते. रद्द केलं तर काय जाईल हे दाखवता आलं. आधी करून मग मतदान, हा क्रम फायद्याचा ठरतो. अर्थात मधल्या काळात निवडणूक आली नाही तरच.

ओहम

अमेरिकेच्या संघीय कायद्याने हाच डाव मोठ्या प्रमाणावर खेळला. ऑगस्ट २०२२ चा इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट: शिक्षा फारशी नाही, मुख्यतः करसवलती. बॅटरी आणि पॅनेलचे कारखाने विरोधी पक्षाच्या मतदारसंघांत मोठ्या संख्येने गेले. अपेक्षा अशी की तिथले खासदारच कायद्याचे राखणदार होतील. ऑगस्ट २०२४ मध्ये १८ रिपब्लिकन प्रतिनिधींनी सभापतींना सरसकट रद्द करू नका असं पत्रही लिहिलं. पण ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने विद्युत वाहनांची ७,५०० डॉलरची सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपवली, आणि पवन-सौर प्रकल्पांना ४ जुलै २०२६ पर्यंत काम सुरू करा, नाहीतर २०२७ अखेर वीज सुरू करा अशी मुदत घातली. बॅटरी साठवण आणि अणुऊर्जेच्या सवलतींना तुलनेने कमी कात्री.

राखणदारी अर्धवट का पडली? रोजगाराचा प्रकार बघा. सौर प्रकल्पात माणसं लागतात ती बांधकामाच्या वर्ष-दीड वर्षात. नंतर शेकडो मेगावॉटला मूठभर लोक पुरतात. मतदानाच्या दिवशी तो प्रकल्प कुंपणामागे शांत उभा. कारखान्याचं तसं नाही, तिथे पाळ्या असतात, पगार असतात, म्हणून कारखान्यांच्या सवलतींसाठी भांडणारे जास्त निघाले. कोळशाच्या खाणीत माणसं कायमची आणि एका जागी असतात. मतांच्या हिशेबात ती एकवटलेली असतात, स्वच्छ विजेचा लाभ मात्र पसरलेला.

आडवातिडवा

टेक्सास विसरलात. हवामान धोरणाच्या नावाने तिथे निवडणूक जिंकता येत नाही, तरी वारा-ऊन धो धो वाढले.

मीटररीडर

टेक्सासचं श्रेय वाहिन्यांना. १९९९ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश राज्यपाल असताना नवीकरणीय विजेचं उद्दिष्ट कायद्यात आलं. नंतर पश्चिमेकडच्या वाऱ्याच्या पट्ट्यातून पूर्वेकडच्या शहरांपर्यंत सुमारे ३,६०० मैल वाहिन्या टाकल्या, खर्च सुमारे ७ अब्ज डॉलर, २०१३-१४ पर्यंत काम पूर्ण. यात दोन निर्णय कळीचे. प्रकल्प यायच्या आधी वाहिनी टाकली, आणि खर्च एखाद्या प्रकल्पावर न टाकता सगळ्या ग्राहकांवर पसरवला.

एरवी काय होतं बघा. प्रकल्पाने जोडणीचा अर्ज केला. अभ्यासात निघालं की उपकेंद्राचं रोहित्र अपुरं आहे, नवं टाका, खर्च तुमचा. प्रकल्पाने माघार घेतली की तो खर्च रांगेतल्या पुढच्यावर येतो, मग अभ्यास पुन्हा, मग पुढचाही माघार घेतो. रांगेत हजारो मेगावॉट दिसतात, जमिनीवर काही नाही. "अमुक मेगावॉट मंजूर" हा जाहीरनाम्यातला आकडा त्यामुळे माझ्या लेखी बिनकामाचा. किती मेगावॉट जोडले गेले, आणि सूर्य-वारा असूनही बंद ठेवावी लागलेली वीज किती, हे विचारावं.

रांग कमी करायचे उपाय तसे रूक्ष आहेत: अर्जासोबत जमिनीचा पुरावा आणि परत न मिळणारी अनामत, एकेकट्याऐवजी गटाने अभ्यास, आणि "गरज पडल्यास वीज रोखू" या अटीवर लवकर जोडणी. यातल्या एकाचाही फलक होत नाही.

उधारउसनवार

साठवणुकीवर कोणी लिहिलं नाही. त्यातही जाहीरनामे गंडवतात.

"१०० मेगावॉटची बॅटरी" हे अर्धं वाक्य आहे. किती तास? दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची बॅटरी २०१७ मध्ये १०० मेगावॉट, १२९ मेगावॉट-तास अशी उभी राहिली. पूर्ण ताकदीने सव्वा तास. तिने कमावलं ते वीजजाळ्याची वारंवारता क्षणोक्षणी सावरण्याच्या सेवेत, रात्रभर शहर चालवण्यात नाही.

खर्च असा काढा. बसवलेली किंमत साठवण क्षमतेच्या युनिटमागे २०० डॉलर, १५ वर्षं, ८ टक्के व्याज: वार्षिक हप्ता सुमारे २३.४ डॉलर. रोज एकदा भरली-रिकामी केली तर ३६५ ने भागा, युनिटला ६.४ सेंट. शिवाय भरण-उपसणीत सुमारे १५ टक्के वीज जाते. दुपारचं ऊन संध्याकाळी न्यायला हे परवडतं. तीच बॅटरी वर्षात ५० वेळाच वापरली तर ४७ सेंट. आठवडाभर वारा पडला, ढग साचले, तर त्यासाठी बॅटरी हे उत्तर नाही. तिथे जलसाठा, शेजारच्या जाळ्याशी जोडणी, किंवा क्वचित चालणारी गॅसची केंद्रं. "बॅटरीने सगळं सुटेल" म्हणणारा आणि "बॅटरी कधीच परवडणार नाही" म्हणणारा, दोघांनी ३६५ आणि ५० यांतला फरक बघितलेला नसतो.

तळटीप

जर्मनीतल्या २०२३ च्या घर तापवायच्या यंत्रांच्या कायद्याचाही उल्लेख हवा. नव्या यंत्रात ६५ टक्के ऊर्जा नवीकरणीय असावी ही अट. मसुदा फुटला तेव्हा अनुदानाचा तक्ता तयारच नव्हता. लोकांपर्यंत बंदी पोचली, मदत पोचली नाही, आणि सरकार महिनोन्महिने खुलासे देत बसलं.

त्यामागचं गणित सरळ आहे. एक युनिट विजेवर हीट पंप (बाहेरची उष्णता घरात ओढणारं यंत्र) तीन युनिट उष्णता देतो आणि गॅसचं यंत्र ९० टक्के कार्यक्षम आहे असं धरा. मग विजेचा दर गॅसच्या दराच्या ३.३ पटीच्या खाली असेल तरच पंपाचा चालू खर्च कमी. अधिभार विजेवर लादून गॅस मोकळा ठेवला की पट चारावर जाते, आणि ग्राहकाने अनुदान घेऊन बसवलेलं यंत्र जास्त बिल आणतं. अनुदान वाढवण्याआधी ही पट दुरुस्त करायला हवी.

जाता जाता एक. वीज गेली की पहिल्या काही तासांत दोषी ठरवला जातो आणि ते मतदानापर्यंत टिकतं. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत पवनचक्क्यांकडे बोट दाखवलं गेलं. चौकशीत बंद पडलेल्या संचांत सर्वांत मोठा वाटा गॅसवरच्यांचा निघाला. स्पेन-पोर्तुगालमध्ये २८ एप्रिल २०२५ ला अंधार झाला तेव्हा "ढीगभर सौर" हे कारण लगेच फिरलं. सरकारी अहवालाने व्होल्टेज नियंत्रणाचं अपयश दाखवलं, आणि ते काम पारंपरिक केंद्रांनीही नीट केलं नव्हतं. अर्थात सौर प्रकल्पांना व्होल्टेज सावरायची मुभा नियमांनी दिली असती तर फरक पडला असता. त्यांचे इन्व्हर्टर ते करू शकतात.

आडवातिडवा

माझा विरोध थोडा मावळलाय, पूर्ण नाही. एक व्यवहारी शंका: दुपारी बाजारभाव शून्याखाली जातो तेव्हा फरकाच्या करारात काय होतं? प्रकल्प उणे भावाने वीज ढकलत राहणार आणि वरचा फरक ग्राहक भरणार?

उधारउसनवार

जुन्या करारांत तसंच व्हायचं. भाव उणे २० असला तरी ६० मिळायची खात्री, म्हणजे ग्राहकाकडून ८०. मग चक्की बंद कोण करेल? ब्रिटनने आधी सलग सहा तास भाव उणे राहिला तर पैसे बंद अशी अट घातली. चौथ्या फेरीपासून आदल्या दिवशीच्या बाजारात भाव उणे असलेल्या प्रत्येक तासाला फरक मिळणं बंद.

पण याने नवी अडचण येते. वर्षात असे किती तास येतील हे बँकेला सांगता येत नाही, म्हणून ती व्याजात जादा धरते. यावर पर्याय म्हणजे प्रत्यक्ष विजेऐवजी त्या जागी त्या वाऱ्यात जेवढी वीज होऊ शकली असती तेवढ्यावर फरक मोजायचा. मग उणे भावाला चक्की बंद केली तरी आवक टिकते आणि जाळ्यावरचा भार हलका होतो. अडचण मोजणीची: "होऊ शकली असती" हे कोणाच्या वाऱ्याच्या नोंदीवर ठरवायचं? प्रकल्पाच्याच मापकावर ठरवलं तर मापक हळूहळू उदार व्हायला लागतात. म्हणून मापकाची तपासणी कोण आणि किती महिन्यांनी करणार हे करारात असायलाच हवं.

मीटररीडर

आणि तपासणी दोन जागी हवी, चक्कीच्या डोक्यावर आणि वेगळ्या मनोऱ्यावर. डोक्यावरचा मापक पात्यांच्या मागे असतो, त्याला वारा मुळातच घुसळलेला मिळतो.